मिस्त्रीचं नवं यंत्र

कासम मिस्त्रीने मुंबईहून भोकं पाडायचं जुनं यंत्र स्वस्तात उचललं आणि बैलगाडीतून जव्हारला आणलं. अख्ख्या संस्थानात तसं दुसरं नव्हतं. त्याच तोऱ्यात त्याने दोरीने फिरवून भोकं पाडायचा, बापाच्या वेळचा सामता जामसरच्या फागूला देऊन टाकला. "ने बाबा! दोरी ओढायचे दिवस सरले. आता नुसतं चाक फिरवायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी आळी ओट्याशी जमली. कासमने यंत्र घराच्या सागवानी खांबाला टेकवलं, हातात चार बोल्ट घेतले आणि थबकला. बोल्ट बसवायला खांबाला आधी चार भोकं हवी होती.



त्याच्या बायकोने, मदीनाने, आतून वहाणा आणून त्याच्या पुढ्यात ठेवल्या. "निघा आता. फागू शेतावर जायच्या आत जामसर गाठा."