थांबलेला आकडा

दुर्गेश्वरीने तपासणीच्या कागदावर सही केली नाही. पेनला टोपण लावलं आणि एकतीस नंबरचा डबा परत टेबलावर घेतला.

बाहेर ट्रक उभा होता. गोंदियाच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या छोट्या कारखान्यात अणुवीज केंद्रासाठी डबे बनत. अणुभट्टीभोवती फिरणाऱ्या पाण्याचं तापमान तारेतून डब्यात यायचं आणि तिथून कंट्रोल रूमच्या पडद्यावर जायचं. अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस डबे ट्रकमध्ये चढले होते.

"आता काय झालं?" मालक वीरेंद्र दारातूनच विचारत आला.

"काल दुपारी हा थांबला होता, भाऊ. दोन सेकंद. मी आच वाढवून राहिली होती, अन् आकडा जिथल्या तिथं. मंग आपोआप चालू झाला."

"त्यानंतर किती वेळा पाहिला?"

"अकरा वेळा. ठीक चालला."

"मग झालं ना. हे बघ, तिथं एका जागेवर असे तीन डबे असतात. एक चुकला तर बाकीचे दोन सांभाळतात. तुला मी काय सांगू?"

"तीन असतात, पण तिन्ही आपलेच असतात. ह्याच लॉटचे. खोट आतल्या सर्किटच्या कार्डात असली तर तिन्ही एकदमच थांबतील. मंग कोण कोणाले सांभाळते?"

वीरेंद्रने खुर्ची ओढली. तो रागावला नव्हता, थकला होता. "हे काम मिळवायला तीन वर्षं लागली. माल आज नाही निघाला तर पुढची ऑर्डर दुसऱ्याची. बावीस जण आहेत इथं, दुर्गेश्वरी."

"मी बी त्यातलीच आहे," ती म्हणाली. "आकडा चुकीचा दिसला तर माणूस सावध होते. थांबलेला आकडा खराच वाटते. तिकडे पाणी तापून राहिलं, अन् इकडे पडदा म्हणते सब ठीक आहे."

तिने वही उघडली. कालची नोंद : दुपारी दोन पंचेचाळीस. ती थोडा वेळ त्या वेळेकडे बघत राहिली. मग तिने मागच्या खोलीतून कारखान्याचे वीजतंत्री परसरामकाका यांना बोलावलं.

"काका, काल लाइट केव्हा गेली होती?"

"पावणेतीनला. लगेच जनरेटरवर घेतलं ना मी."

"पंखे थांबले होते?"

"थांबते कायले? एक झटका बसला फक्त."

दुर्गेश्वरी वीरेंद्रकडे वळली. "ट्रकातले कोणतेही तीन आणा, भाऊ. तुम्हीच निवडा."

वीरेंद्र बाहेर गेला, दोन खोकी सरकवून मागची तीन उचलून घेऊन आला. तिने चारही डबे ओळीने लावले, तारा जोडल्या, हीटर सुरू केला. पलीकडे बॅटरीवर चालणारा खात्रीचा मीटर ठेवला. पाचही ठिकाणी आकडे एकसाथ चढू लागले. दोनशे दहा अंश. दोनशे बारा.

"मेन स्विच पाडा, काका."

दिवे क्षणभर विझले. जनरेटर घरघरला. दिवे परत आले.

पहिल्या डब्यावर दोनशे पंधरा झाले आणि आकडा चढत राहिला. दुसरा दोनशे चौदावर होता. तिसराही. एकतीस नंबरही. मीटरवर दोनशे वीस झाले, मग दोनशे तीस. ते तिन्ही डबे दोनशे चौदावरच होते, त्यांच्यावरचे दिवे हिरवे, काही बिघडल्याची कसलीही खूण नाही. वीरेंद्र मनगटावरचं घड्याळ बघत होता. चाळीस सेकंद झाले तरी, काल दोनच सेकंदांत सुटलेला एकतीस नंबरही अडकूनच होता. त्याने स्वतः हात लांबवून हीटर बंद केला.

"तिथं अशी लाइट जात नाही," तो हळूच म्हणाला.

"ज्या दिवशी जाईल, त्याच दिवशी ह्या डब्याचं खरं काम आहे."

वीरेंद्रने चेहऱ्यावरून रुमाल फिरवला. खिडकीतून ड्रायव्हरला माल उतरवायला सांगितलं. मग टेबलाशी बसून त्याने केंद्रातल्या इंजिनिअर साहेबांना फोन लावला, स्पीकर सुरू ठेवला, आणि खोट सापडल्याचं, तीन आठवडे लागतील असं सरळ सांगून टाकलं. तिकडून एक लांब सुस्कारा ऐकू आला. "बरं. लेखी पाठवा."

दुर्गेश्वरीने एका चिठ्ठीवर चार शब्द लिहून पुढे सरकवले. मागच्या वर्षीचे तीस डबे.

वीरेंद्रने फोनचा आवाज तिकडे जाणं बंद केलं. "ते केंद्रात बसवलेले आहेत. चालू आहेत. कोणी विचारलंय का आपल्याला?"

"त्यात बी हेच कार्ड आहे."

"आज उशिराचं सांगितलं, ते चालून जाईल. हे सांगितलं तर आपलं नाव कटलं समज."

"समजली. सांगा."

परसरामकाका भिंतीला टेकून उभे होते. फोनमधून साहेबांचा आवाज आला, "हॅलो, आहात का?"

वीरेंद्रने बोट बटणावर ठेवलं. जरा वेळ तसंच ठेवलं. मग दाबलं.

"साहेब, आणखी एक सांगायचं आहे," तो म्हणाला, आणि त्याने सांगितलं.

तिकडे खुर्ची सरकली, कपाट उघडलं, कागद उलटले. आवाज परत आला तेव्हा तो बदललेला होता.

"त्या लॉटचे टेस्ट रिपोर्ट माझ्या हातात आहेत. सगळ्यांवर पास लिहिलंय. ही सही कोणाची?"

वीरेंद्रने तोंड उघडलं, पण त्याआधीच दुर्गेश्वरीने फोन आपल्याकडे ओढला.

"माझी," ती म्हणाली. "दुर्गेश्वरी बिसेन. तीस डबे आहेत, साहेब. एक एक नंबर सांगते, लिहून घ्या."