बाहेरून प्राग

नॉर्थ यॉर्कच्या कॉन्डोत देवदत्त जेवायला आलेल्या मित्रमंडळींना टीव्हीवर प्रागच्या सहलीचे फोटो दाखवत होता. चर्च बाहेरून, किल्ला बाहेरून, राजवाडाही बाहेरूनच. "स्वस्तात युरोप कसा करावा, माझ्याकडून शिका," तो म्हणाला. "राइस कुकर नेला, आठवडाभर हॉटेलवर खिचडी." ती खिचडी त्याच्या बायकोने, यामिनीने, शिजवली होती, वास पसरू नये म्हणून वॉशरूममध्ये कोंडून घेऊन. कॉलेजपासून तिला ते चर्च बघायचं होतं. "वहिनी, चर्च आतून कसं होतं?" एका मित्राने विचारलं. तिच्याआधी देवदत्तच बोलला. "तिकीट काढून आत काय बघायचं? दगडच ना." यामिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तोच कुकर आणून टेबलावर आदळला. मंडळी प्लेटा घेऊन जमली. देवदत्तने झाकणाला हात घातला, तो तिने झटकला. "बाहेरूनच बघा," ती म्हणाली. "आत काय, भातच ना."