सगळ्या पक्षांची वीज

धुळीच्या वादळाने मंगळावरच्या वसाहतीची वीज निम्म्यावर आली, तेव्हा वैदर्भीचं अपुऱ्या दिवसांचं बाळ उबेच्या पेटीत होतं. राज्यपालपदाची निवडणूक तोंडावर होती. दोन आघाड्यांना आणि उरलेल्या पक्षांना प्रचारासाठी विजेचा वाटा ठरवून दिला होता. पेटी थंड पडू लागली तशी सिस्टर तडवींनी सगळ्या पक्षांना निरोप धाडला. थोड्याच वेळात चौकातले प्रचाराचे पडदे एकेक करून विझले आणि पेटी पुन्हा ऊबदार झाली.

“सगळ्यात आधी पडदा कुणी बंद केला हो, सिस्टर?” वैदर्भीने रडतच विचारलं.

“कुणीच सांगत नाही. बाळाच्या नावावर मतं मागायची नाहीत, म्हणाले.”

मतदानाला ती बाळाला छातीशी धरून गेली. यंत्रावरच्या प्रत्येक नावाला तिने हात जोडले. मत मात्र आधीपासून पटलेल्या उमेदवार बाईंनाच दिलं.