दगडी पूल

लग्न होऊन ती त्या मोठ्या शहरात आली खरी, पण नवरा कामाला जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायचा. आधीच्या भाडेकरूने घरातच टाकून दिलेल्या, त्या शहरावरच्या जुन्या कादंबऱ्या, आठवणींची पुस्तकं, इतिहास वाचून तिने घरबसल्या सगळं शहर पालथं घातलं. आईचा फोन आला, की नवरा शेजारीच येऊन बसायचा.

"मजेत आहे गं," ती त्या दिवशी म्हणाली. "कालच नदीवरच्या दगडी पुलावर फिरून आलो. काय वारा होता!"

आई आवाज खाली आणून म्हणाली, "तुझं शहर कळावं म्हणून मीही वाचनालयातून पुस्तकं आणते, बाळा. तो पूल तर तुझ्या जन्माआधीच पाडलाय."

 

आईच पुढे म्हणाली, "तू नुसतं 'हं' म्हण. उद्या मी आणि मामा येतोय तुला न्यायला."