अकरा किलो

स्पोर्ट्स कारमधून काढलेली बॅटरी अक्कानं वजनकाट्यावर ठेवली. ती चौदा किलो भरली. नवी लिथियमची तीनच भरली.

अपघातात पाय गेल्यापासून तिचा धाकटा भाऊ दिग्विजय एकच सांगत होता, ब्रेक हातानं चालवायची जोडणी बसवली की गाडी नऊ किलोनं जड होणार आणि जड गाडी शर्यत जिंकत नाही.

"जोडणी बसवून झाली, तरी गाडी दोन किलो हलकीच आहे," नवी बॅटरी गाडीत बसवून हात पुसत अक्का म्हणाली. "आता दुसरं निमित्त काढ की."

तो काट्याकडे बघत राहिला. मग दाराला धरून सीटवर बसला, ब्रेकचा दांडा दोनदा दाबून पाहिला. अक्कानं त्याच्या कुबड्या सीटमागं ठेवायला उचलल्या.

"राहू दे त्या इथंच," इंजिन सुरू करत तो म्हणाला. "उगाच वजन कशाला?"