आठवणीचा मेल

रविकुमार बंगळूरला जाहिरातीचे मेल पाठवणाऱ्या कंपनीत लागला, आणि मेल त्याच्याच नावानं जायचे. मेल घेणाऱ्यांची यादी वाढवायची म्हणून त्यानं गावाकडच्या, औरादच्या नेट कॅफेवाल्याला सांगून आईच्याही नावानं एक खातं काढवलं होतं. आईला, बाणूबाईला, त्यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला त्याचा फोन यायचा तो सणासुदीला.

एका बाजारच्या दिवशी कॅफेवाल्यानं तिला हाक मारली.

"अक्का, रवीचा मेल आलाय. लई दिवस झाले, तुम्ही फिरकला न्हाईत. तुमची आठवण यायलीय. एकदा येऊन जावा, म्हणतोय."

पोरगं शहरात जाऊन आईला अहोजाहो करायला शिकलं, याचंच तिला कौतुक वाटलं. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून तिनं गाडी धरली आणि विचारत विचारत त्याचं दार गाठलं.

"माय, न कळवता कामून आलीस?"

"तूच बोलवलास की. आठवण यायलीय म्हणून."

रविकुमार हसला. "अगं, ते मी न्हाई लिहिलेलं. आमचे मेल कोण उघडतंय, कोण न्हाई, ते कम्प्युटर बघत असतोय. सहा महिने जो एकही उघडत न्हाई, त्याला तो आपोआप तसं लिहितोय."

बाणूबाई गाठोडं सोडता सोडता थांबली. "म्हंजे मी दिसले न्हाई, हे त्याला तरी कळलं."



दुसऱ्या दिवशी तिला परतीच्या गाडीत बसवून रविकुमार ऑफिसात गेला आणि, पुन्हा असा घोळ नको म्हणून, आधी आईचं नाव यादीतून काढून टाकलं.