लाइन खराब आहे

“कंपनी चोर आहे!” काकांनी खालूनच निकाल देऊन टाकला.

भाची स्टुलावर उभी राहून कपाटावरच्या राउटरच्या वायरी एकेक करून तपासत होती आणि काका स्टूल धरून उभे होते. वायरींना काहीही झालं नव्हतं. ती एका ऑफिसचं अख्खं नेटवर्क सांभाळायची, त्यामुळे घरचं हे दुखणं चुटकीसरशी बरं करू, अशा थाटात आली होती. चुटकी काही वाजत नव्हती.

तिला धाडलं होतं मावसबहिणीने, म्हणजे काकांच्या लेकीने. ती सातासमुद्रापार डॉक्टरकीचं शेवटचं वर्ष करत होती आणि रोज दुपारी आईला टॅबलेटवर व्हिडिओ कॉल करायची. आईला लेक लख्ख दिसे. लेकीला मात्र आईच्या जागी नुसते हलणारे चौकोन दिसत आणि आवाज तुटत तुटत येई. “एकदा मला माझी आई नीट बघू दे गं,” असं ती भाचीला म्हणाली होती.

बाहेरून घरात येतं ते डाउनलोड आणि घरातून बाहेर जातं ते अपलोड. टॅबलेटवर डाउनलोड घोड्यासारखं धावत होतं, अपलोडचा मात्र पाय उचलत नव्हता. भाची खाली उतरली, लॅपटॉप उघडून बसली.

“चहा घेतेस ना गं?” मावशीने स्वयंपाकघरातून विचारलं.

मावशीनेच दिलेला कप भाचीच्या हातात होता. “घेतेय की!” ती हसून म्हणाली.

“बघ, भाचीला विचारून विचारून चहा,” काका म्हणाले. “आम्ही मागूनही ढिम्म!”

भाचीने काकांच्या फोनवर वेग मोजून पाहिला. तिथे अपलोडही छान होतं. मग त्या बिचाऱ्या टॅबलेटने कोणाचं घोडं मारलं होतं? आता तिला स्वस्थ बसवेना. तिने राउटरच्या सेटिंग उघडल्या आणि पाहतच राहिली. घरातल्या सगळ्या उपकरणांना मोकळं रान होतं. फक्त टॅबलेटचं अपलोड कोणीतरी हाताने आवळून ठेवलं होतं, अगदी जीव जाणार नाही इतपत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

“काका, ही सेटिंग कोणी बदलली?”

“मला काय विचारतेस? या घरात मी फक्त टीव्हीचा रिमोट दाबतो. तोही तुझी मावशी झोपल्यावर.”

ते खोटं नव्हतं. राउटर बसवला तेव्हा भाचीने पासवर्ड एकट्या मावशीला दिला होता आणि सगळ्या सेटिंगही तिलाच शिकवल्या होत्या. मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. निवृत्त झाली तरी वायर दिसली की तिचे हात शिवशिवायचे.

भाचीने ती मर्यादा काढून टाकली, सेव्हचं बटण दाबलं आणि थेट स्वयंपाकघर गाठलं.

“मावशी, टॅबलेटला लगाम कोणी घातला?”

“मीच.” मावशी कप पुसत राहिली.

“अगं, पण का?”

मावशीने आधी दाराकडे नजर टाकली. काका बाहेर टीव्हीसमोर बसले होते. मग ती हळूच म्हणाली, “हल्ली शब्द सुटतात गं माझे. समोरच्या वस्तूचं नावच आठवत नाही. तुझ्या काकांना वाटतं, वय झालं. बटणं हाताला पाठ आहेत म्हणून एवढं तरी जमलं.”

“आणि तिला नाही सांगायचं?”

“कळलं तर शेवटचं वर्ष टाकून धावत येईल ती. मी एक्स्चेंजमध्ये जन्म काढलाय. लाइन खराब असली की लोक लाइनला शिव्या देतात, बोलणाऱ्याला कोणी नावं ठेवत नाही.”

मर्यादा पुन्हा घालायला भाची वळली, तेवढ्यात टॅबलेट वाजला आणि काकांनी हौसेने तो उचललासुद्धा.

“अगं ये लवकर! आज काय झकास दिसतंय!”

मावशी हात पुसत येऊन बसली. पडद्यावर लेकीचा चेहरा उजळला. “आई! किती दिवसांनी दिसलीस गं!”

मावशी मनापासून हसली. “तू बरी आहेस ना? जेवतेस ना वेळेवर? आणि ऐक, खिडकीतल्या त्या झाडाला आज पहिल्यांदाच… ते आलंय बघ. लाल. ते…”

तिचा हात हवेत गोल फिरला आणि तिथेच थांबला. फूल हा शब्द काही येईना. तिने भाचीकडे पाहिलं. मग एकदम ताठ बसली आणि ऑपरेटरच्या जुन्या, खणखणीत आवाजात म्हणाली, “हॅलो? हॅलो? ऐकू येत नाहीये गं. लाइन खराब आहे.”

चित्र जराही अडकलं नव्हतं. लेकीच्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटासुद्धा फिरताना दिसत होता. “अगं, चांगलं तर…” काका बोलू लागले, पण भाचीने त्यांचा हात घट्ट दाबला.

लेक आईकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, डोळे भरून आले. मग तिने ते पुसले आणि ती पडद्याच्या जवळ सरकली.

“हो गं आई, माझ्याकडचंच नेट खराब आहे,” ती म्हणाली. “तू सावकाश बोल. मी फोन ठेवणार नाही.”